जुन्या बाजारातली खेळणी : काय शोधायचं, कसं ओळखायचं

चावीवाला

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेच्या बाजूने आत शिरलं की जमिनीवर अंथरलेल्या पथाऱ्या सुरू होतात. पाने, पकडी, ड्रिल मशिनं, मोटारींचे सुटे भाग, नाणी, घड्याळं. या पसाऱ्यात अधूनमधून खेळणी निघतात. पेठेतला एखादा वाडा उतरवला, माळा रिकामा केला, की तिथलं सामान फिरत फिरत इथे येतं. मी खेळण्यांसाठीच जातो. तुमच्यातही असे शोधणारे असतील म्हणून हा धागा काढतोय. कुठे काय मिळतं, खरं जुनं कसं ओळखायचं, सांभाळायचं कसं, सगळं येऊ द्या.

माझा एक आग्रह आहे, तो आधीच मांडतो. गाडीच्या पोटावर 'मेड इन इंग्लंड' दिसलं की विक्रेताही सावध होतो आणि भाव चढतो. त्याच पथारीच्या कडेला पत्र्याची होडी, दाणे टिपणारी चावीची कोंबडी, टिक-टिक वाजणारा बेडूक पडलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही. संध्याकाळी उरलेलं भंगारात किलोवर जातं. मॅचबॉक्स या इंग्रजी नाममुद्रेच्या छोट्या धातूच्या गाड्या १९५३ पासून निघाल्या, त्यातल्या प्रत्येकीला क्रमांक आहे, रंगांच्या फरकासकट याद्या छापलेल्या आहेत. त्या गाड्या नाहीशा होणार नाहीत. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत बनलेल्या आणि जत्रेत विकल्या गेलेल्या खेळण्यांवर बहुतेक वेळा नावही नसायचं. ती नाहीशी होतायत. म्हणून माझं म्हणणं : हातात थोडेच पैसे असतील तर आधी ती उचला.

पत्र्याचं खेळणं ओळखायच्या काही खुणा. जुनी खेळणी जोडताना एका तुकड्याची पत्र्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून दुमडत. ती जीभ पूर्वी कुणी उघडून परत बसवली असेल तर घडीवर रंग उडून रेघ दिसते. शक्य असेल तर आतल्या बाजूलाही डोकावा. तिथे तेलाच्या किंवा बिस्किटांच्या डब्याची छपाई दिसली तर आनंदाने घ्या. वाया गेलेल्या छापील पत्र्यातून बनवलेलं ते खेळणं आहे. बारकोड किंवा 'सीई'ची खूण (युरोपात विकायच्या मालावर असते ती) असेल तर ते अलीकडचं. गंजाकडेही बघा. खरा गंज सांध्यात, कडांना, हात लागतो तिथे चढतो. सगळीकडे सारखा पसरलेला तांबूसपणा हा मुद्दाम आणलेला असतो.

जपानी माल आपल्या बंदरांतून भरपूर आला. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असेल तर काळ साधारण १९४७ ते १९५२. नुसतं 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचं.

लगोरी

वाचनखूण साठवली! मुंबईचं कुणीतरी लिहा. चोर बाजारात एकटीने जायचं धाडस अजून झालेलं नाही.

दोन_टाकी

लगोरी, बिनधास्त जा, दिवसाउजेडी काही अडचण नाही. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. मटण स्ट्रीट म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांची मुख्य गल्ली. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण त्या दिवशी रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो आणि तो पहाटे लवकर सुरू होतो. दुकानात माल निवडलेला, पुसलेला आणि भाव बांधलेला असतो. रस्त्यावर तुम्हालाच उकिरडा उपसावा लागतो, पण खेळणं निघालं तर भाव माणसासारखा असतो.

दुकानदाराशी बोलायची एक रीत आहे. "खेळणी आहेत का?" असं थेट विचारलं की तो काचेच्या कपाटातली महागडी मोटार काढतो. त्याऐवजी खाली बसा. डबे, खोकी, तुटक्या चाकांचा ढीग स्वतः चाळायची परवानगी मागा. चहा आला तर नाही म्हणू नका. बिनाकाचे प्राणी मला अशाच एका बटणांच्या डब्यात सापडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे प्राणी यायचे. सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, त्यांची अदलाबदल हा मोठा व्यवहार होता. दुकानदारासाठी ती बटणंच होती.

सागरगोटी

चावीवाला, तुमच्या यादीत भातुकली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पितळेची, तांब्याची भातुकली ही आपल्याकडे घडलेली सगळ्यात देखणी खेळणी आहेत असं माझं ठाम मत आहे. कारण घडवणारा तांबट तोच, हत्यारं तीच, फक्त माप लहान. पुण्याच्या तांबट आळीत आजही ठोक्याचं काम चालतं. तिथे मोठं घंगाळ बनताना बघितलं की हातातल्या चार बोटांच्या घंगाळाची किंमत कळते. बंब, शेगडी, कळशी, सतेलं, सोऱ्या, खलबत्ता, जातं, विळी, पळी, झारा. जुन्या संचातला बंब खरोखर पेटवता येतो, सोऱ्यातून खरंच शेव पडते.

ओळखायचं कसं? भांडं उजेडात तिरकं धरा. हाताने ठोकलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या बारीक चकत्या ओळीने दिसतात आणि दोन चकत्या हुबेहूब सारख्या नसतात. साच्यातून काढलेल्या नव्या भांड्यावर खळगे सारख्या अंतरावर असतात. बुडाला किंवा कुशीत सांधा शोधा. जुन्या कळशीला मधोमध दातेरी जोड असतो. आतून कल्हईचे अवशेष राखाडी दिसतात. खेळण्यातल्या भांड्यालाही कल्हई लावायचे, कारण मुली त्यात खरा भात शिजवायच्या.

बाजारात भातुकली एकत्र कधीच मिळत नाही. झाकण एका पथारीवर, भांडं दुसऱ्या. पूजेच्या उपकरण्यांच्या ढिगात अवश्य शोधा, कारण विकणाऱ्याला चार बोटांची कळशी देव्हाऱ्यातलीच वाटते. मोडीचा व्यापारी असेल तर तो वजनावर देतो. ते आपल्या फायद्याचं, पण तोच माल वितळायलाही जाणार असतो, म्हणून 'पुढच्या रविवारी बघू' असं म्हणू नका.

लाकडी ठकी दिसली तर मला कळवा, माझ्याकडे नाही. साधी, रंगवलेली, हातपाय अंगातच कोरलेली बाहुली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी खेळणी आहेत. शोधायला निघण्याआधी तिथे एक दुपार घालवा, डोळा तयार होतो.

घाटपायथा

सुंदर प्रतिसाद. एक विचारतो, घरी आणल्यावर चिंच लावून घासायची की नाही?

सागरगोटी

मी घासते. ती भांडी आहेत, चकाकणं हा त्यांचा धर्म. माझ्या आजीने ती घासूनच आम्हाला खेळायला दिली.

पत्र्याची_पेटी

सागरगोटीताई, आदर ठेवून विरोध नोंदवतो. दरवेळी घासल्याने ठोक्यांच्या खुणा झिजतात आणि नाव घातलेलं असेल तर तेही पुसट होतं. जुन्या भांड्यांवर टोच्याने ठिपक्यांत नाव घालायची पद्धत होती. खेळण्यावर ते सापडलं तर कुठल्या घरातलं, कधीचं याचा तेवढाच पुरावा असतो. माझं मत : साबणाच्या कोमट पाण्याने मळ काढा, मऊ फडक्याने कोरडं करा, तिथेच थांबा. हिरवा जंग असेल तर तेवढ्या भागापुरता काढा.

पत्र्याच्या छापील खेळण्याला तर पॉलिश अजिबात लावू नका. छपाईचा थर केसाएवढाही जाड नसतो, फडक्याबरोबर निघून येतो. पाणीही नको, सांध्यात शिरून आतून गंजतं. कोरडा मऊ ब्रश पुरे. चावीचं खेळणं अडकलं असेल तर जोर लावून चावी पिळू नका. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दातेरी चाकांच्या आसाला द्या, रात्रभर ठेवा, मग चावी जेमतेम फिरवून बघा. स्प्रिंग कायम ताणलेली ठेवायची नाही.

सागरगोटी

नाव घातलेलं असेल तर तुमचं बरोबर, तिथे मी हात आखडता घेईन. बाकीची घासणारच.

थेम्सकाठ

चावीवाला यांच्या आग्रहाला इंग्लंडातून दुजोरा. इथे रविवारी सकाळी मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. तिथे मला डिंकी या इंग्रज कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्यांमध्ये एक वेगळी मिनीबस दिसली. पोटावर 'निकी टॉइज'. ही चक्क कोलकात्याची! लिव्हरपूलच्या डिंकीने जुने झालेले साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याच्या कंपनीला विकले. साच्यातलं 'डिंकी' हे नाव खोडून किंवा बदलून तिथे 'निकी' केलं गेलं. काही गाड्यांवर खोडलेली जागा बोटाला लागते. ओतकाम इंग्लंडच्या मानाने जाडंभरडं, रंगही वेगळे, पण भारतीय मुलांच्या हातात पडलेली तीच. इथले संग्राहक आता तिला मुद्दाम शोधतात.

कोलकात्याच्याच 'मिल्टन' आणि 'मॅक्सवेल' गाड्याही लक्षात ठेवा. मॅक्सवेलमध्ये आपल्या रस्त्यावरची वाहनं मिळतात, जी मॅचबॉक्समध्ये कधीच नव्हती. पुण्या-मुंबईत यातली एखादी रंग उडालेली, चाक तुटलेली दिसली तरी सोडू नका. आणि खोकं मिळालं तर खोक्यासाठी वेगळे पैसे मोजा. खोक्यावर पत्ता असतो.

चावीवाला

थेम्सकाठ, अगदी हेच मला हवं होतं. 'खोक्यावर पत्ता असतो' हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कारखाना कुठे होता याचा तो बऱ्याचदा एकमेव कागद असतो.

मांडवी_तीर

गोव्यातून लिहितेय. तुम्ही पन्नास-साठ वर्षं मागे जाताय, पण ऐंशी-नव्वदच्या दशकांतलं प्लॅस्टिकही आता त्याच वाटेवर आहे. फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी १९८७मध्ये एमआरएफ या टायर कंपनीच्या पुढाकाराने सुरू झाली आणि कारखाना आमच्या गोव्यात. त्यांनी 'जीआय जो' या अमेरिकी खेळण्यातले बोटभर सैनिक अमेरिकी साच्यांतून काढले, पण रंगसंगती वेगळी. अमेरिकेत निळा असलेला इथे पिवळा. त्यामुळे तिथले संग्राहक भारतातले सैनिक शोधून नेतात. 'लिओ' कंपनीने बनवलेल्या 'ही-मॅन' या योद्ध्याच्या बाहुल्यांचंही तेच.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि रद्दीवाल्यांकडे मी पोत्यांत हात घालून हेच शोधते. बंदूक, टोपी, पाठीवरची पिशवी हे बारके भाग वेगळे पडलेले असतात, तेही घ्या. पुढे कुणाच्या तरी सैनिकाला जोडी मिळते. कंबरेच्या आत रबराचं कडं असतं, ते सुकून तुटतं आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. म्हणून 'तुटका' म्हणून विकलेला सैनिक बहुधा नीट असतो. पाठीचा स्क्रू काढून नवं रबरी कडं घातलं की झालं.

लगोरी

मांडवी_तीर, हे माहीत नव्हतं! भावाचे दोन अर्धे सैनिक अजून खोक्यात आहेत, आजच काढते.

कागदाचंही कुणी बघतं का? थम्स अपबरोबर मिळायच्या त्या क्रिकेटच्या छोट्या वह्या, भराभर पानं उलटली की फलंदाज फटका मारताना दिसायचा. आणि बिग फन बबलगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं.

दोन_टाकी

बघतो. रद्दीच्या दुकानात शाळेच्या जुन्या वह्या उलटून बघा. मुलं ती चित्रं वह्यांत चिकटवायची किंवा पुठ्ठ्याच्या आत दडवायची.

संत्रानगरी

नागपूरचा विषय मांडतो, कारण आमच्याकडचं एक खेळणं पुण्या-मुंबईत कुणाला आठवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून, दोरी धरून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. बैलाला खाली लाकडी पाट आणि चाकं. सागवानाचे चांगले घडवलेले बैल पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतात, पण भावंडं वेगळी झाली, घर फ्लॅटमध्ये गेलं, की हाच बैल जुन्या फर्निचरच्या दुकानात कपाटावर दिसतो.

निवडताना मी मान आणि वशिंड यांच्यातली रेघ बघतो. चांगल्या सुताराने बैल जोर लावताना जसा दिसतो तशी मान किंचित खाली घेतलेली असते. बाजारू बैलाची मान सरळ काठीसारखी. शिंगं आणि कान वेगळे बसवलेले असतात, ते बदललेले आहेत का पाहा. चाकं बदललेली असली तर चालेल, ती झिजतातच. रंगाचे थर वर्षागणिक चढलेले असतात. ते खरवडून मूळ लाकूड काढायचा मोह होतो. नका काढू. दर पोळ्याला कुणीतरी बसून तो रंगवला आहे, तो सगळा रंग त्या खेळण्याचाच आहे.

घाटपायथा

आमचं सावंतवाडी राहिलं की! चितार आळीतली लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट, भोवरे आजही नवे मिळतात, त्यामुळे जुन्याकडे लक्षच जात नाही. जुनं काम पांगाऱ्याच्या लाकडाचं. हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने इतकं हलकं लागतं की लगेच कळतं. आंबा, केळं, वांगं यांच्यावर रंगाच्या छटा हाताने दिलेल्या असतात, देठाजवळ हिरवा पिवळ्यात विरघळत जातो. नव्या मालात पुष्कळदा तिथे सरळ रेघ दिसते. घर रिकामं करणाऱ्यांकडून ही फळं टोपलीसकट मिळतात. टोपली टाकून देऊ नका.

एक मात्र बोलायलाच हवं. हल्ली बाजार उघडायच्या आधीच पुनर्विक्री करणारे टॉर्च घेऊन येतात, चांगला माल घाऊक उचलतात आणि तोच ऑनलाइन कितीतरी पट भावाने टाकतात. पथारीवाल्याला त्यातलं काही मिळत नाही. मला याचा राग येतो.

दोन_टाकी

राग समजतो, पण माझा अनुभव थोडा वेगळा. ते नसते तर बराच माल भंगारातच गेला असता. त्यांच्यामुळे पथारीवाल्याला निदान हे कळायला लागलंय की खेळणं वेगळं ठेवायचं. आपण पथारीवाल्याला सरळ सांगावं : "असं काही आलं तर बाजूला ठेवा, मी घेईन", आणि ठेवलं की खरंच घ्यावं. दोनदा नाकारलंत तर तिसऱ्यांदा तो ठेवणार नाही. आणि अगदी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करू नका. पहाटेपासून उन्हात बसलेला माणूस आहे तो.

पत्र्याची_पेटी

घरात लहान मुलं असतील त्यांनी हे नीट वाचा.

जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. ती कपाटात ठेवायची, बाळाच्या तोंडात जाऊ द्यायची नाहीत. हाताळल्यावर हात धुवा.

सेल्युलॉइडची बाहुली : पातळ, वजनाला काहीच नाही, अंगठ्याने जोरात चोळली तर कापराचा वास येतो, कारण बनवतानाच त्यात कापूर घालतात. हे द्रव्य भयंकर पेटतं. कुणी 'तापलेली सुई लावून बघा' असं सांगितलं तर चुकूनही करू नका. देव्हाऱ्याजवळ, दिव्याखाली ठेवू नका. हवाबंद डब्यातही नको, हवा खेळती हवी.

चिकट झालेली मऊ प्लॅस्टिकची बाहुली : तिला मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येत असतं. सौम्य साबणाने पुसून सुती कापडात गुंडाळा. दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटून ठेवली तर दोन्ही जातात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ओतीव गाड्या : जस्ताच्या मिश्रणात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, अंगावर बारीक भेगा पडतात आणि पुढे गाडीचे तुकडे होतात. यावर इलाज नाही. भेगा दिसल्या तर त्या हिशोबानेच पैसे द्या.

सेलची खेळणी : झाकण उघडून आत बघितल्याशिवाय घेऊ नका. जुने साधे सेल फुटलेले असतील तर खाण्याच्या सोड्याचं ओलसर बोट लावून पुसा, अल्कलाइन असतील तर व्हिनेगर. मग पूर्ण कोरडं करा.

लगोरी

व्ह्यू-मास्टरबद्दल, म्हणजे डोळ्यांना लावून चकतीवरची चित्रं बघायच्या त्या खेळण्याबद्दल, विचारायचं होतं. चकत्या घेताना काय बघू?

थेम्सकाठ

उजेडाकडे धरून प्रत्येक चौकट बघा. एका चकतीवर १४ चित्रं असतात, समोरासमोरच्या दोन मिळून एक, म्हणजे सात दृश्यं. आकाश निळं असेल तर फिल्म चांगली आहे. सगळंच गुलाबी-लाल झालं असेल तर ती नंतरच्या काळातली स्वस्त फिल्म, रंग उडालेले परत येत नाहीत. जुन्या चकत्या रंगाला जास्त पक्क्या. भारतातल्या देवळांच्या, शहरांच्या चकत्या मिळाल्या तर आधी त्या घ्या.

सागरगोटी

चावीवाला, पहिल्याच प्रतिसादात तुम्ही होडी म्हणालात. माझ्याकडे जत्रेतली एक पत्र्याची होडी आलीय, मागे दोन नळ्या आहेत. दिवा लावला तरी हलत नाही. बिघडलीय का?

चावीवाला

बहुधा नाही, ताई. ती फटफट होडी. आत छोटी चपटी टाकी असते, वरचा पत्रा अगदी पातळ. टाकी आणि दोन्ही नळ्या आधी पाण्याने भराव्या लागतात, हीच पायरी लोकांची राहून जाते. होडी उभी धरून एका नळीत थेंबाथेंबाने पाणी सोडा, दुसऱ्या नळीतून बाहेर येईपर्यंत. नळ्यांची तोंडं बोटाने दाबून होडी पाण्यात ठेवा, मग बोट काढा. आता तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा टाकीखाली सरकवा. पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते. वाफ निवली की पाणी परत आत ओढलं जातं. बाहेर जाताना पाणी सरळ मागे धार मारतं, आत येताना मात्र ते चहूबाजूंनी येतं, म्हणून होडी पुढेच जाते. आवाज येतो तो टाकीच्या पातळ पत्र्याचा.

याचं पहिलं पेटंट १८९१चं आहे, इंग्लंडात घेतलेलं. आपल्या जत्रांत ती अजूनही विकली जाते.

पाणी दुसऱ्या नळीतून आलंच नाही तर नळीत काजळी अडकली असेल. बारीक तार हलकेच घाला, टाकीच्या पत्र्याला टोचू देऊ नका. पाणी टाकीतून गळत असेल तर सांधा गेलाय, तिथे डाग देणारा माणूस जुन्या बाजारातच भेटेल. आणि होडीच्या तळाचा व आतल्या बाजूचा स्वच्छ उजेडात फोटो टाका. दुसऱ्या डब्याची छपाई किंवा एखादं अक्षर दिसत असेल तर ते जवळून वेगळं घ्या. थेम्सकाठ आणि पत्र्याची_पेटी यांच्याकडे अशा दोन होड्या आहेत, तिन्ही शेजारी ठेवून बघू एकाच साच्यातल्या आहेत का.